टिंबानंतरची जागा

आई म्हणते, वाल्पाराइसोला शिकायला गेलीस
आणि आकड्यांचं खूळ डोक्यात घेऊन आलीस.
खोटं नाही.
सुट्टीत मी तिचे बटाटे लावून ठेवले :
जांभळे, काळपट, बोटासारखे वाकडे,
प्रत्येक टोपलीला चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक.
तिने ते सगळे एकाच पातेल्यात उकडले.

बेटावरचं आमचं ग्रंथालय म्हणजे एक खोली,
पूर्वी तिथे शिंपले सोलायचे.
अजून भरतीच्या दिवशी कपाटांना वास येतो.
ओदिल्याबाई चुलीत लाकूड सारत म्हणतात,
पुस्तक कोरडं ठेवायचं, माणूस गरम ठेवायचा,
बाकीचं काय ते तुझ्या कॉलेजात.

बाकीचं खूप आहे, बाई!
तारखेचा शिक्का कागदावर टेकतो तो आवाज आहे,
खणात कार्डं पुढे-मागे करताना
बोटांना लागणारी ती मऊ झालेली कड आहे,
आणि बिस्किटांचा डबा,
ज्यात परत आलेल्या पुस्तकांतून निघालेलं सगळं राहतं :
खूण म्हणून ठेवलेलं माशाचं खवलं,
होडीचं तिकीट (फक्त जाण्याचं),
औषधांची यादी, तिच्यात मधेच 'गाईला मीठ'.
या डब्याचं वर्गीकरण कुठे करायचं
हे मी सरांना विचारलं होतं.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मंगळवारी बाउदिल्यो आला.
टोपी चुलीपाशी वाळत घातली, म्हणाला,
वाऱ्यांचं पुस्तक.

पाचशे एक्कावन्न! मी धावलेच.
तीन पुस्तकं होती, एकाचं पाठपान गेलेलं.
त्याला वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं.
फाटलं कुठे ते बघत जाळं चाचपावं
तशी त्याने पानं चाचपली,
बाणांचे नकाशे, ढगांचे फोटो,
आणि म्हणाला, यात तो नाही.

वर्गात शिकवतात :
वाचक मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही.
आणखी एक प्रश्न विचारा.
मग आणखी एक.
मग गप्प बसा.
मी गप्प बसले. कठीण असतं ते.

जाळं वर घेतल्यावर, ओहोटी फिरायच्या आधी
एक वारा येतो, म्हणाला,
ओल्या लाकडाच्या वासाचा, हातभर रुंद.
बाप त्याला एका शब्दाने हाक मारायचा.
पलीकडच्या गावात दोघांना ठाऊक होता.
दोघेही गेले.

मी सूच्या चाळल्या, कोश उपसले,
वाल्पाराइसोला पत्र टाकलं.
उत्तर आलं : नोंद नाही.

नोंद नाही.
रात्रभर हे दोन शब्द मला टोचत राहिले,
चपलेत वाळू जावी तसे.

पुढच्या मंगळवारी कोरं कार्ड काढलं.
शीर्षक : तो शब्द.
त्याने तीनदा म्हटला, मी तिसऱ्यांदा लिहिला.
कर्ता : सेगुन्दो, नावाडी, बाउदिल्योचा बाप.
साल? त्याने बोटं मोजली, सोडून दिली :
मोठ्या भूकंपाच्या आधी.
पृष्ठे : एक श्वास.

आणि क्रमांक.
पाचशे एक्कावन्न, टिंब, पाच, एक, आठ,
इथवर लोक आधीच येऊन गेलेले.
मी पुढे एक आकडा लावला.
या टिंबाचंच तर मला वेड आहे :
पुस्तकं कितीही खेटून उभी असोत,
त्यांच्या आकड्यांमध्ये जागा उरतेच,
कुणी उशिरा आलं तरी.

ओदिल्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
पुस्तकच नाही आणि कार्ड?
परीक्षेत गुण कापतील तुझे.
मग शाईची डबी माझ्याकडे सरकवली.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही.
डावीकडच्या तिसऱ्या खणात आहे,
खण जरा अडकतो, वर उचलून ओढा.
चौदा दिवसांसाठी मिळेल.
परत करताना मोठ्याने म्हणून दाखवायचा.